डिस्क गोल्फ : सार्वजनिक मैदानाची पारख

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे चार-सहा महिने जाऊन राहण्याचा प्रघात आता आपल्याकडे घरोघरी रूढ झाला आहे. पहिले पंधरा दिवस नव्या नवलाईत जातात. त्यानंतर मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत आणि आपण खिडकीशी, असा क्रम सुरू होतो. शनिवार-रविवारी खरेदी आणि परिचितांकडील भोजन यांपलीकडे साऱ्या कुटुंबाने मिळून काय करावे, हा प्रश्न अनेकांना पडतो. अशा कुटुंबांनी जवळच्या सार्वजनिक उद्यानात डिस्क गोल्फचे मैदान आहे काय, याची चौकशी अवश्य करावी. तीन पिढ्यांना एकत्र खेळता येतो, खर्च नगण्य आणि चालणे भरपूर, असा हा खेळ आहे.

परंतु सर्वच मैदाने सारखी नसतात. बहुसंख्य सार्वजनिक मैदानांवर शुल्क आकारले जात नाही, म्हणून त्यांची पारख करण्याचे कारण नाही, असा समज होण्याचा संभव आहे. व्यापारी कुटुंबांतील वाचकांना हे निराळे सांगावयास नको, की फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोणीतरी मोजतच असतो. येथे ती नगरपालिका मोजते, श्रमदान करणारे मोजतात, उद्यानातील झाडे मोजतात आणि प्रसंगी खेळाशी काडीचाही संबंध नसलेला वाटसरू मोजतो. प्रस्तुत लेखात या खेळाचा परिचय करून देऊन, मैदानाची पारख कोणत्या कसोट्यांवर करावी, हे सांगण्याचे योजिले आहे.

खेळाचे स्वरूप

गोल्फमध्ये काठीने चेंडू टोलवून तो जमिनीतील खळग्यात घालावयाचा असतो. डिस्क गोल्फमध्ये काठी नाही, चेंडू नाही आणि खळगाही नाही. हाताने चकती फेकावयाची आणि ती एका खांबावर बसविलेल्या लोखंडी टोपलीत पोहोचवावयाची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. त्यांवर आपटून चकतीचा वेग मोडतो व ती खाली टोपलीत पडते. खळगा नसला तरी प्रत्येक टप्प्याला गोल्फप्रमाणेच ‘होल’ म्हणण्याची पद्धत आहे. मैदानात असे ९ किंवा १८ होल असतात.

ठरावीक जागेवरून, म्हणजे ‘टी’वरून, पहिली फेक करावयाची. चकती जेथे स्थिरावेल तेथून दुसरी. ज्याची चकती टोपलीपासून सर्वांत दूर, त्याने आधी फेकावयाचे. टोपलीपर्यंत पोहोचण्यास लागलेल्या फेकी मोजावयाच्या आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. प्रत्येक होलसाठी अपेक्षित फेकींची संख्या ठरविलेली असते, तिला ‘पार’ म्हणतात. साधारण मैदानात बहुतेक होलची पार ३ असते आणि अंतर २०० ते ४०० फुटांच्या आसपास असते. सगळ्या १८ होलची पार ३ असेल तर एकूण ५४ फेकी अपेक्षित. माझ्या पहिल्या फेरीत मला ९७ लागल्या, तेव्हा हा आकडा नवोदितांनी मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

नियम थोडे आहेत. चकती हद्दीबाहेर गेल्यास एका फेकीचा दंड. हरवलेली चकती शोधण्यास ३ मिनिटे. टोपलीपासून १० मीटरच्या आत असताना फेकल्यानंतर तोल सावरण्याआधी पुढे पाऊल टाकावयाचे नाही. पुढील गट टप्प्यात असताना फेकावयाचे नाही, आणि चकती कोणाच्या दिशेने जाऊ लागली तर मोठ्याने ‘फोर!’ अशी हाक द्यावयाची. पंच नसतो. आपल्या फेकी आपणच मोजून आपणच नोंदवावयाच्या, त्यामुळे हिशेबाचा प्रामाणिकपणा मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही.

चकती आणि तिच्यावरील चार आकडे

समुद्रकिनारी मुले खेळतात ती फ्रिस्बी आणि ही चकती यांत बराच फरक आहे. डिस्क गोल्फची चकती आकाराने लहान, साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची, पण वजनाने भारी असते. बहुतेक चकत्या १५० ते १८० ग्रॅमच्या दरम्यान असतात. लांब फेकीसाठी ‘ड्रायव्हर’, मध्यम अंतरासाठी ‘मिडरेंज’ आणि टोपलीजवळ ‘पटर’ असे तीन मुख्य प्रकार आहेत. ड्रायव्हरची कड निमुळती व धारदार असते, पटरची जाड व बोथट. दहा ते वीस डॉलरमध्ये एक चांगली चकती मिळते.

अनेक चकत्यांवर चार आकडे छापलेले आढळतात. पहिला वेगाचा, तो १ पासून १४-१५ पर्यंत असतो. दुसरा तरंगण्याचा. तिसरा, वेगात असताना ती किती वळेल याचा. हा बहुधा शून्य किंवा ऋण असतो. चौथा, वेग ओसरल्यावर ती उलट बाजूस किती ओढली जाईल याचा. उजव्या हाताने, हाताची पाठ पुढे ठेवून फेकल्यास चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते आणि शेवटी डावीकडे झुकते. डावऱ्या व्यक्तीची तीच चकती उजवीकडे झुकते. मैदानाची पारख करताना ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

नवशिक्याने मोठ्या वेगाच्या चकतीचा मोह टाळावा. ती तितक्या जोराने फेकता आली नाही तर लवकर डावीकडे कोसळते. साठी उलटलेल्यांना एक पटर आणि एक मिडरेंज एवढे भांडवल पुरेसे आहे.

जन्मकथा

चकती फेकून ठरावीक लक्ष्य गाठण्याची कल्पना बरीच जुनी आहे. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात ब्लॅडवर्थ या गावी १९२६ मध्ये रोनाल्ड गिब्सन व त्याचे शाळासोबती डब्यांची पत्र्याची झाकणे जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत फेकून असा खेळ खेळत. त्याला ते ‘टिन लिड गोल्फ’ म्हणत. आजच्या खेळाला मात्र निश्चित रूप दिले ते कॅलिफोर्नियातील एड हेड्रिक यांनी. फ्रिस्बी विकणाऱ्या व्हॅम-ओ या कंपनीत ते काम करीत होते. चकतीच्या पाठीवरील वर्तुळाकार कंगोऱ्यांमुळे ती हवेत स्थिर राहते, या सुधारणेचे पेटंट त्यांना १९६७ मध्ये मिळाले.

१९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळील ला कॅन्याडा येथील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमस्वरूपी मैदान उभे राहिले. आरंभी तेथे टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही, यावर वाद होत. त्या वादावरचा तोडगा म्हणून हेड्रिक यांनी साखळ्या व टोपली यांची रचना केली आणि १९७७ मध्ये तिचेही पेटंट मिळविले. शंकेला जागा ठेवणारे मोजमाप टाकून शंकेला जागा न उरेल असे मोजमाप आणणे, हे या खेळाच्या प्रसाराचे एक मोठे कारण होय. १९७६ मध्ये त्यांनीच व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेची, म्हणजे पीडीजीएची, स्थापना केली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख काही चकत्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. आज जगभरात दहा हजारांहून अधिक मैदाने आहेत.

ओक ग्रोव्हचे मैदान आजही खेळते आहे. उद्यानाचे नाव आता हाहामोंगना असे आहे. हे त्या भूमीतील मूळ टोंगव्हा लोकांच्या भाषेतील नाव. शेजारी नासाची जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळा, उत्तरेस सॅन गॅब्रिएल पर्वत आणि मैदानावर ओक वृक्षांची दाट छाया. मंगळावर याने पाठविणाऱ्या संस्थेच्या शेजारी माणसे मुकाट्याने चकत्या फेकीत असतात, हे दृश्य मोठे गमतीचे वाटते. फिरावयास येणारे, घोड्यावरून रपेट करणारे आणि खेळाडू असे तिघेही या उद्यानाचा वापर करतात. खेळाच्या जन्मस्थानीच त्याचा मुख्य प्रश्नही उभा आहे, तो असा की एका जागेवर अनेकांचा हक्क असताना चकती फेकावयाची कशी?

पारखीच्या सहा कसोट्या

मैदानांना खेळाडू एक ते पाच तारे देतात आणि ते पाहून इतर लोक तेथे जातात. तारा देणे सोपे; तो कशाबद्दल दिला, हे सांगणे अवघड. बँकेत असताना तारण म्हणून दिलेल्या जागेची पाहणी कागदावर न करता जागेवर जाऊन करण्याची शिस्त होती. तीच येथे लावली. आमच्या चिरंजीवांच्या घरापासून दहा मिनिटांवर, टेकडीच्या पायथ्याशी, नगरपालिकेचे १८ होलचे एक मैदान आहे. नातवाला बरोबर घेऊन आठ-दहा वेळा ते पायाखाली घातले आणि त्यातून पुढील कसोट्या ठरल्या. मैदानाचे नाव येथे देत नाही; पद्धत महत्त्वाची.

पहिली कसोटी सुरक्षिततेची. नेम धरून फेकलेली चकती पादचारी मार्ग, रस्ता, मुलांची खेळणी किंवा सहलीची बाके यांवरून जाते काय? एका होलचा मार्ग दुसऱ्यास छेदतो काय? फेकणाऱ्यास पुढचे सारे दिसते काय? येथे नेमकी फेक पाहून भागत नाही. चुकलेली फेक कोठे जाईल, ते पाहावे. कारण चकती शेवटी डावीकडे झुकते आणि नवशिक्याची चकती तर कोठेही जाते. आमच्या मैदानातील सतरा होल या कसोटीस उतरले. सातवा उतरला नाही. तेथे टी उंचावर, पुढे झुडपे आणि त्यांच्या आड फिरावयाची पायवाट. वाटसरूला फेकणारा दिसत नाही आणि फेकणाऱ्याला वाटसरू.

दुसरी कसोटी पायाखालच्या जमिनीची. टी सपाट, कोरडी व न घसरणारी असावी. उत्तम टी काँक्रीटची, साधारण पाच-सहा फूट रुंद व दहा-बारा फूट लांब असते. तिच्या कडेस खड्डा पडला असेल तर फेकीनंतर पाय मुरगळतो. ज्येष्ठांनी हे आधी पाहावे. आमच्याकडे सोळा टी काँक्रीटच्या होत्या, दोन मातीच्या व खचलेल्या.

तिसरी कसोटी फलकांची. होलचा क्रमांक, अंतर, पार, मार्गाचे रेखाचित्र आणि पुढील टीकडे जाण्याचा बाण एवढे असले की अनोळखी माणूस कोणास न विचारता फेरी पूर्ण करू शकतो. नेहमीच्या खेळाडूंना फलक नको असतात, म्हणून त्यांची दुरवस्था त्यांच्या लक्षातही येत नाही. ही कसोटी नव्या माणसानेच लावावी.

चौथी कसोटी विविधतेची. सारे होल डावीकडे वळणारे असतील, तर उजव्या हाताच्या एकाच फेकीवर फेरी निभते आणि डावऱ्यांवर अन्याय होतो. काही डावे, काही उजवे, काही सरळ. काही चढाचे, काही उताराचे. काही मोकळे, काही झाडीतले. काही आखूड, काही लांब, असे मिश्रण हवे. आमच्या नोंदीत आठ डावे, चार उजवे आणि सहा सरळ निघाले. तराजू थोडा झुकलेला होता, पण चालण्याजोगा.

पाचवी कसोटी न्यायाची. चांगल्या फेकीचे फळ मिळावे आणि वाईट फेकीची किंमत मोजावी लागावी. झाडे इतकी दाट असतील की चकती दैवानेच पार व्हावी, तर कौशल्याला अर्थ राहत नाही. त्याबरोबरच निरनिराळ्या ताकदीच्या माणसांना न्याय मिळावा. बऱ्याच मैदानांत एकाच होलला दोन-तीन टी असतात आणि त्यांना रंग दिलेले असतात. लाल नवशिक्यांसाठी, पांढरा हौशी खेळाडूंसाठी, निळा मध्यम तयारीच्यांसाठी आणि सोनेरी निष्णातांसाठी, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. आखूड टी असेल तर आजी-आजोबा आणि सहा वर्षांचे मूल एकाच फेरीत मानाने खेळतात.

सहावी कसोटी झाडे आणि माती यांची. वारंवार चकत्या आदळल्याने खोडाची साल सोलवटते. टी व टोपलीभोवती पावलांनी माती घट्ट होते, गवत मरते आणि उतारावर पावसाने धूप होते. सांभाळलेल्या मैदानात टोपलीची जागा आलटून-पालटून बदलतात, उघड्या जमिनीवर लाकडाचा चुरा पसरतात आणि लहान रोपांना कुंपण घालतात. ही कामे पुष्कळ ठिकाणी स्थानिक खेळाडूंची मंडळे रविवारी सकाळी श्रमदानाने करतात. गोल्फच्या मैदानास शंभर-दीडशे एकर जमीन आणि हिरवळीसाठी अखंड पाणी लागते. येथे जमीन त्या मानाने थोडी पुरते आणि हिरवळ पेरावी लागत नाही. खर्च वाचतो तो याच ठिकाणी. परंतु मातीची झीज हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून पाहणी करणाऱ्याने तो नोंदवावा.

ताऱ्यांचा हिशेब

एका शनिवारी नातवाने नववा होल दोनच फेकींत पूर्ण केला. पार ३, म्हणजे एक फेक वाचली. त्याच्या आयुष्यातील ही पहिलीच अशी कमाई. घरी येताच तो मैदानाला पाच तारे देऊ लागला.

‘‘पाच का?’’ मी विचारले.

‘‘आजोबा, आज मी किती छान खेळलो!’’

‘‘ते तुझे खाते झाले. मैदानाचे खाते निराळे लिही.’’

तो चौदा वर्षांचा. त्याला हे पटले नाही. मैदान आवडले, म्हणून तारे. यात हिशेब कसला, असे त्याचे म्हणणे. मग मी त्याला मागच्या आठवड्याची आठवण दिली. सातव्या होलवर तो फेकण्याच्या तयारीत असताना झुडपांमागून बाबागाडीचे चाक कुरकुरल्याचा आवाज आला होता. तो थांबला. क्षणभराने एक तरुण आई तान्ह्या मुलाला घेऊन पायवाटेने पुढे गेली. तिने वर पाहिलेही नाही. मागचा गट खोळंबला होता, तरी तो थांबला, हे मला फार आवडले होते.

‘‘तुला आवाज ऐकू आला म्हणून ठीक झाले. ज्याला ऐकू आला नसता, त्याचे काय? आणि तिने तर कोणताच खेळ मांडला नव्हता.’’

तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर वही घेऊन बसला. जमा बाजूस छाया, विविधता, स्वच्छता, न्याय्य मार्ग. नावे बाजूस दोन खचलेल्या टी, तीन पुसट फलक, बाराव्या होलवरील धूप आणि सातवा होल. बेरीज करून त्याने साडेतीन तारे दिले आणि सातव्या होलबद्दल स्वतंत्र परिच्छेद लिहिला. त्याने सुचविलेला उपाय असा : टी वीस पावले डावीकडे घ्यावी, म्हणजे मार्ग पायवाटेला समांतर होईल, तोवर एकाने पुढे जाऊन वाट मोकळी असल्याची खूण करावी. तोच मजकूर चिरंजीवांनी नगरपालिकेच्या उद्यान विभागास आणि खेळाडूंच्या मंडळास पाठविला.

उत्तर तीन आठवड्यांनी आले. मंडळाचे दोन सदस्य जागा पाहून गेले. आमच्या परतीच्या आधी पायवाटेवर दोन्ही बाजूंनी सावधगिरीचे फलक लागले होते. टी हलविण्याचा निर्णय व्हावयाचा होता आणि त्यासाठी श्रमदान करणाऱ्यांच्या यादीत नातवाने आपले नाव घातले होते. पाच कोरे तारे दिले असते तर यातले काहीही घडले नसते.

खेळावयास जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी

पहिल्या खेपेस ९ होलच खेळावेत. १८ होलच्या फेरीस दोन तास सहज लागतात आणि मैदान चढउताराचे असेल तर चालणे बरेच होते. चपला नकोत, घट्ट पकडीचे बूट घालावेत. खांदा व कंबर हलवून, थोडे गरम करून मगच फेकावे. जोर दंडाने लावण्यापेक्षा कमरेच्या वळणातून येऊ द्यावा. साठ-सत्तर फुटांची सरळ फेक शंभर फुटांच्या वेड्यावाकड्या फेकीपेक्षा कमी फेकींत टोपली गाठते.

भडक रंगाची चकती घ्यावी, ती गवतात सापडते. तिच्यावर नाव लिहिण्याचा रिवाज आहे. हरवलेली चकती सापडली तर मालकास कळविण्याची पद्धत तेथील खेळाडू चांगली पाळतात. कॅलिफोर्नियात झुडपात हात घालताना जपावे. पॉयझन ओक नावाची तीन-तीन पानांची वनस्पती अंगाला लागल्यास पुरळ उठतो, आणि उन्हाळ्यात वाळल्या गवतात रॅटलस्नेक हा विषारी साप असू शकतो. वीस डॉलरच्या चकतीसाठी तो धोका पत्करू नये. पाणी बरोबर ठेवावे. अनेक मैदानांवर ते मिळत नाही.

आपल्याकडे हा खेळ अद्याप फारसा परिचित नाही. परंतु सार्वजनिक बागेत बाके, पाणपोई वा व्यायामाची साधने देणाऱ्या दानशूर कुटुंबांची आपल्याकडे उणीव नाही. उद्या कोणी मोकळ्या जागेत असे मैदान उभारण्याचा विचार केला, तर टोपल्या किती व कोणत्या, हा प्रश्न दुसरा घ्यावा. त्या जागेत सकाळी कोण फिरते, मुले कोठे खेळतात, झाडे कोणत्या वयाची आहेत आणि पाच वर्षांनी देखभाल कोण करील, हे आधी कागदावर मांडावे. यंदा मुलांकडे जाणाऱ्या वाचकांनी तेथील एखादे मैदान जरूर खेळून पाहावे, आणि खेळून झाल्यावर नातवंडांना हाताशी घेऊन त्याचा जमाखर्चही लिहून काढावा.